चौकटीच्या कडेने चाललेला माणूस

सिक्स ऑफ कप्स, म्हणजे टॅरोमधला सहा प्याल्यांचा पत्ता. लाल टोपडं घातलेला एक मुलगा जरासा वाकून लहान मुलीपुढे प्याला धरतो आहे. प्याल्यात पांढरं फूल आहे, पाच पाकळ्यांचं. तशाच फुलांचे चार प्याले पुढे मांडलेले, आणखी एक मागच्या दगडी चौथऱ्यावर. मुलीच्या हातात हातमोजा. पाठीमागे जुनी वास्तू आणि तिचा मनोरा. नजर आधी मुलांवर जाते, मग फुलांवर, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. पत्ता पुन्हा पुन्हा हातात आल्यावर कधीतरी डावीकडे, मागे, एक माणूस दिसतो. हातात भाला, आपल्याकडे पाठ. तो चित्रातून निघून चालला आहे.

टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. त्याच्या ७८ पत्त्यांमध्ये हा भूतकाळाचा पत्ता मानला जातो. हे चित्र पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ साली काढलं. आर्थर एडवर्ड वेट यांच्या आखणीनुसार तयार झालेला हा कॅट लंडनच्या रायडर कंपनीने छापला आणि आज जगभर सर्वाधिक ओळखीचा आहे. वेट यांनी पुढच्याच वर्षी पत्त्यांचे अर्थ लिहिले. या पत्त्यासमोर आठवणी, बालपण, सरून गेलेलं सुख असं लिहून झाल्यावर लगेच दुसराही अर्थ दिला: नवी ओळख, नवी जागा, आणि अनोळखी आवारात खेळणारी मुलं. पत्ता उलटा, म्हणजे डोकं खाली होऊन, आला तर त्यांच्या मते तो येणाऱ्या काळाबद्दल बोलतो. चित्र एकच, आणि त्याच्या दिशा तीन. त्यामुळे अर्थ चित्राच्या पोटात दडलेला आहे आणि आपण तो शोधून काढायचा, ही समजूत इथेच सोडून द्यावी. पत्त्याला आपलं काही ठाऊक नसतं. तो एक खुंटी असतो. टांगायचं ते, म्हणजे आठवणी, आपणच आणतो.

खुंटीचं महत्त्व मात्र कमी नाही. १८७९ साली इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी स्वतःवर एक प्रयोग केला. ७५ शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिले, एकेक चिठ्ठी पुस्तकाखाली अशी सरकवली की पुढे वाकल्याशिवाय ती दिसू नये, आणि शब्द दिसल्यावर मनात जे येईल ते वेळेसकट टिपून ठेवलं. साधारण महिनाभराच्या अंतराने तीच यादी चार वेळा घेतली. दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. मनात उमटणाऱ्या कितीतरी गोष्टी थेट लहानपणातून येत होत्या, आणि त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या. पुढे १९७४ साली हर्बर्ट क्रोविट्झ आणि हॅरल्ड शिफमन यांनी ही पद्धत सुधारून वापरली, आणि आत्मचरित्रात्मक स्मृतीच्या अभ्यासात ती आजही वापरली जाते. न बघता काढलेला पत्ता हे याच चिठ्ठीचं चित्ररूप आहे. त्यात गूढ काही नसेना का, उपयोग खरा आहे. एरवी मागचं आठवायला बसलं की आपण नेहमीच्याच चार आठवणी बाहेर काढतो, सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या. आपण निवडला नसता असा पत्ता समोर आला की मनाला त्या चार वाटा सोडाव्या लागतात.

पण खुंटीला स्वतःचा आकार असतो, आणि तो टांगलेल्या कपड्यावर उमटतो. पत्त्यांच्या मदतीने आठवणारा माणूस बहुतेक वेळा इथेच फसतो.

मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४चा प्रयोग प्रसिद्ध आहे. मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवून विद्यार्थ्यांना वेग विचारला. प्रश्नात गाड्या ‘आदळल्या’ अशा अर्थाचा जोरकस शब्द होता तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आलं. ‘एकमेकींना लागल्या’ अशा अर्थाचा सौम्य शब्द होता तेव्हा ३१.८. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच फितीत नव्हतीच. तरी जोरकस शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती ‘आठवली’. ‘धडकल्या’ अशा अर्थाचा साधा शब्द ऐकलेल्या ५० जणांत अशी माणसं ७ निघाली. एका शब्दाने हे केलं.

आता ओरॅकल कार्डं समोर ठेवा. टॅरोची रचना ठरलेली असते: २२ मेजर अर्काना, म्हणजे मुख्य पत्ते, आणि कप्स, सोर्ड्स, वाँड्स, पेंटॅकल्स या चार गटांत प्रत्येकी १४ मिळून ५६ मायनर, म्हणजे दुय्यम. ओरॅकलला असं काही बंधन नाही. ज्याने कॅट केला त्याने ठरवले तितके पत्ते आणि त्याने ठरवलेले विषय. आणि बहुतेक ओरॅकल कार्डांवर चित्राखाली शब्द छापलेला असतो: ‘क्षमा’, ‘जखम भरते आहे’, ‘आईशी नातं’. आजचा दिवस कसा घ्यावा यासाठी असा शब्द चालून जातो. मागचं आठवण्यासाठी मात्र तो आडवा येतो, कारण तो उत्तर सुचवणारा प्रश्न आहे. ‘क्षमा’ असं वाचून जी आठवण येईल तिच्यात आधीच एक अपराधी असणार. उपाय साधा आहे. ओरॅकल वापरायचं असेल तर शब्द झाकेल एवढी जाड कागदाची पट्टी कापून ठेवावी आणि पत्ता उलटण्याआधीच ती योग्य जागी धरावी. लिहून झाल्यावर पट्टी काढावी. टॅरोच्या मेजर अर्कानालाही हीच पट्टी लावावी, कारण ‘डेथ’ किंवा ‘डेव्हिल’ हे नाव दिसलं की चित्र दिसायचं थांबतं.

चित्रंही निरपराध नसतात. किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली २० प्रौढांना त्यांच्याच लहानपणीच्या फोटोंमध्ये एक बनावट फोटो मिसळून दाखवला, गरम हवेच्या फुग्यात बसलेला. तीन मुलाखती संपेपर्यंत निम्म्या लोकांना ती कधीच न झालेली सफर थोडीफार तरी आठवू लागली होती. पत्त्यावरचं चित्र आपला फोटो नसतं हे खरं, पण त्यातलं फूल, पायरी, पाण्याचा रंग आठवणीत हळूच शिरतात. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच गोष्टीसाठी आहे: चित्र कुठे संपलं आणि आठवण कुठे सुरू झाली, ते कागदावर दिसलं पाहिजे.

एका बैठकीला एक पत्ता पुरतो. तीन ही कमाल मर्यादा. दहा पत्त्यांच्या केल्टिक क्रॉसमध्ये ‘मागे’ आणि ‘खाली’ अशा दोन जागा भूतकाळाच्या असतात, पण उरलेले आठ पत्ते लक्ष पुढे ओढतात. आठवणींसाठी तो मांड अवजड आहे. वेळ ३० मिनिटं धरावी आणि घड्याळ लावावं. वही, पेन्सिल, पट्टी जवळ असावी. कॅटसोबतची अर्थाची पुस्तिका दुसऱ्या खोलीत ठेवावी. हाताशी असली की उघडली जाते.

पत्ते पिसताना लक्षात ठेवावं की टॅरोचा पत्ता मोठा असतो, नेहमीच्या आकारात साधारण १२ सेंटिमीटर लांब आणि ७ रुंद. खेळायच्या पत्त्यांसारखे ७८ पत्ते एका हातात नीट पिसले जात नाहीत, कडा वाकतात, आणि वाकलेली कड पुढच्या वेळी बोटांना ओळखू येते. मग ‘न बघता’ काढण्याला काही अर्थ उरत नाही. त्यापेक्षा सगळे पत्ते पालथे पसरून दोन्ही तळव्यांनी मिनिटभर गोल गोल घोळवावेत, गोळा करावेत, एकदा काटावेत, वरचा घ्यावा. घोळवल्यामुळे काही पत्ते उलटे होतील. या कामात उलट्या पत्त्याला वेगळा अर्थ देऊ नये, सरळ करून ठेवावा. उलटं चित्र नीट दिसत नाही, आणि आपल्याला चित्रच हवं आहे.

पहिली पाच मिनिटं फक्त वर्णन. चित्रात काय आहे ते नामांनी आणि क्रियापदांनी लिहायचं: माणूस उभा आहे, काळी कफनी आहे, तीन प्याले आडवे पडले आहेत. ‘दुःखी माणूस’ असं लिहायचं नाही, कारण दुःख चित्रात रंगवलेलं नाही, ते आपण घातलं. फाइव्ह ऑफ कप्स हाच तो पत्ता. त्यात कफनीतल्या माणसाच्या पाठीमागे दोन प्याले उभे आहेत आणि पलीकडे नदीवर पूल आहे. वर्णन न करता थेट आठवणीकडे धावणाऱ्यांच्या कागदावर ते दोन प्याले आणि पूल सहसा येत नाहीत. म्हणून वर्णन चारी कडांपासून सुरू करून मध्याकडे यावं. सहा प्याल्यांचा भालाईत असाच सापडतो.

मग पत्ता पालथा घालायचा. हे विसरू नये. चित्र समोर राहिलं की ते झिरपत राहतं. आता १५ मिनिटं आठवण, आणि तीही एकाच दिवसाची. ‘सुट्टीत आम्ही नेहमी तिथे जायचो’ ही आठवण झालेली नसते, ते माहितीचं एक वाक्य असतं. एंडेल टुल्विंग यांनी १९७२ साली केलेला भेद इथे कामाला येतो: जगाबद्दलचं ज्ञान वेगळं आणि अनुभवलेला प्रसंग वेगळा. ‘नेहमी’, ‘दरवर्षी’, ‘तेव्हा’ हे शब्द पेन्सिलीतून उतरले की समजावं, आपण ज्ञानाच्या बाजूला आहोत. मग त्या सगळ्या सुट्ट्यांमधली एक दुपार पकडायची. सापडत नसेल तर एक दार, एक पायरी, एक खिडकी पकडायची आणि तिथून आत जायचं.

अडकल्यावर टॅरोचे चार गट उपयोगी पडतात. परंपरेने कप्स म्हणजे भावना, सोर्ड्स म्हणजे विचार आणि वाणी, वाँड्स म्हणजे कृती, पेंटॅकल्स म्हणजे देह आणि वस्तू. पत्ता कोणताही आलेला असो, हे चार प्रश्न आठवणीभोवती फिरवायचे: कोण काय बोललं? कोण उठलं, चाललं, थांबलं? हाताला काय लागत होतं, थंड की खरखरीत? आणि सगळ्यात शेवटी, काय वाटलं? भावनेचा प्रश्न शेवटी ठेवायचा, कारण आज जे वाटतं ते तेव्हाच्या वाटण्याच्या जागी चटकन येऊन बसतं. साक्षीदारांना विचारण्याची एक काळजीपूर्वक पद्धत १९८०च्या दशकात रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझेलमन यांनी बांधली. तिच्यातही माणसाला आधी ती जागा, तो प्रकाश, ते आवाज मनात उभे करायला लावतात, मोकळेपणी बोलू देतात, आणि प्रश्न नंतर येतात. तोच क्रम इथे पाळावा.

आठवण आपण कुठून बघतो आहोत, हेही तपासावं. जॉर्जिया निग्रो आणि उलरिक नायसर यांनी १९८३ साली दाखवलं की काही आठवणी आपण स्वतःच्या डोळ्यांतून बघतो आणि काहींमध्ये आपण स्वतःलाच बाहेरून पाहतो. पत्त्यावरचं चित्र कायम बाहेरून काढलेलं असतं, म्हणून पत्त्याने जागी केलेली आठवणही बाहेरून दिसण्याकडे झुकते. तपशील हवा असेल तर उलट करावं. पत्ता पुन्हा उचलून चित्रातल्या एका व्यक्तीच्या डोळ्यांच्या जागी जावं. सहा प्याल्यांतल्या मुलीला काय दिसत असेल? मुलाचा चेहरा, फुलं, आणि ती बघते त्या कोनातून कदाचित तो भालाईत दिसतच नसेल. मग आपल्या आठवणीत त्याच उंचीवर उतरावं. मोठ्यांच्या कमरा, टेबलाची खालची बाजू, दाराची कडी हात पोचेल त्याच्या वर. आठवण जड असेल तर मात्र खाली उतरू नये, बाहेरच उभं राहावं. बाहेरून बघताना भावनेची धार कमी होते, आणि कधीकधी तेवढं अंतर लागतंच.

शेवटची दहा मिनिटं खुणांची. या दहा मिनिटांवर सगळं अवलंबून आहे, आणि कंटाळून सोडलं जातं तेही हेच. जे लिहिलं त्यातलं स्वतः पाहिल्या-ऐकल्यासारखं वाटतं त्याखाली सरळ रेघ. कोणी सांगितलं किंवा फोटोत आहे त्याखाली तुटक रेघ. अंदाजाने भरलं त्याखाली नागमोडी. आणि पत्त्यातून आलं असा संशय असलेल्या शब्दाभोवती गोल. एक उदाहरण घेऊ. सहा प्याल्यांचा पत्ता बघून कोणी लिहिलं: ‘संध्याकाळ होती. मी जिन्यात बसले होते. पिवळा स्वेटर होता. दाराशी पांढरी फुलं होती. खालून कोणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं.’ जिना आणि आवाज सरळ रेघेचे. स्वेटर घरातल्या फोटोत आहे, तुटक रेघ. संध्याकाळ? दिवा लागलेला आठवतो म्हणून संध्याकाळ असणार, म्हणजे नागमोडी. आणि पांढरी फुलं कुठली? दारात कुंडीही नव्हती. फुलं पत्त्याची आहेत. त्यांना गोल. पाच वाक्यांतली दोनच वाक्यं सरळ रेघेची उरली, पण ती आता भक्कम आहेत. फुलं खोडायची मात्र नाहीत. चित्र कुठून शिरलं, याचा तोच पुरावा आहे.

आता काय बिघडतं ते. सगळ्यात मोठी चूक प्रश्नाची. ‘तेव्हा नक्की काय घडलं होतं?’ असं पत्त्याला विचारू नये. तो सांगू शकत नाही, आणि विचारलं की मन सांगू लागतं. ‘चूक कोणाची होती?’ हा प्रश्न त्याहून वाईट, कारण न्यायासनावर बसलेला, तराजूवाला ‘जस्टिस’ आला की निकाल लागल्यासारखं वाटतं. विचारावं ते असं: ‘या चित्रावरून कोणता दिवस आठवतो?’ एवढंच.

दुसरी चूक, न आवडलेला पत्ता परत ठेवून दुसरा काढणं, किंवा ‘स्पष्टीकरणासाठी’ वर आणखी एक. हवा तो पत्ता येईपर्यंत काढत राहिलं की शेवटी तीच गुळगुळीत आठवण हाती लागते, जी टाळायला आपण पत्ते घेतले होते. दहा मिनिटं बसूनही काहीच आलं नाही तर तारीख आणि पत्त्याचं नाव लिहून कोरं पान ठेवावं. रिकामी बैठक वाया जात नाही.

पुस्तिकेबद्दल एवढंच, की ती दुसऱ्या दिवशी वाचावी. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचं म्हणून एकच वर्णन वाटलं, आणि ते आपल्याला किती लागू पडतं याला त्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पुस्तिकेतली वाक्यंही अशीच सर्वांना लागू पडणारी असतात. आपण लिहिलेल्या जिन्याशेजारी ती ठेवली की कोणतं वाक्य कोणाच्याही आयुष्यात बसेल आणि कोणतं फक्त आपल्याच, हे लगेच दिसतं.

तीन वर्षांच्या आतलं काही ठसठशीत दिसलं तर तुटक रेघ आपोआप मारावी. बहुतेक प्रौढांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याआधीचं सहसा ऐकलेलं किंवा फोटोतलं असतं.

आणि एक गोष्ट ठामपणे. लहानपणी आपल्यावर काही अत्याचार झाला होता का, हे शोधायला पत्ते वापरू नयेत. सुचवण्यातून तयार झालेल्या आठवणींनी किती घरं मोडली, हे १९८०-९०च्या दशकांनी पाहिलं आहे. आणि खऱ्या जखमेलाही असं एकट्याने उघडणं सोसत नाही. तिथे प्रशिक्षित माणूस हवा. ताजा शोक असेल तर बैठकीआधी कॅट उघडा करून छातीत धस्स होईल ते पत्ते बाजूला काढावेत, हृदयात तीन तलवारी रुतलेला, अंथरुणात उठून बसलेल्या माणसाने तोंड झाकलेला, कोसळता मनोरा. साठ पत्ते उरले तरी चालतात. बाजूला काढलेल्यांतला कोणता कधी परत घालायचा याची घाई नाही. रात्री उशिरा बसू नये. त्या वेळी आठवणं आणि तेच ते उगाळणं यांतली सीमा पुसट होते. उगाळणं ओळखायची खूण म्हणजे एकच वाक्य तिसऱ्यांदा लिहिलं जातं आणि त्यात नवा तपशील नसतो. तिथे वही मिटावी.

घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसलात तर पत्ता त्यांना काढू द्यावा आणि आपण फक्त लिहून घ्यावं. ‘तेव्हा आजोबाही होते ना?’ असं एकदा विचारलं की आजोबा तिथे कायमचे येऊन बसतात. ‘आणखी कोण होतं?’ इतपतच विचारावं. ते गप्प बसले तर गप्प बसू द्यावं, पत्ता त्यांच्या हातात राहू द्यावा. बोटं चित्रावर कुठे फिरतात, ते टिपून ठेवावं.

गाल्टन यांनी यादी चार वेळा घेतली होती, तसा तोच पत्ता महिन्याने, मग सहा महिन्यांनी मुद्दाम पुन्हा घ्यावा. आधीचं पान न वाचता लिहावं आणि नंतर शेजारी ठेवावं. सरळ रेघेचं काय टिकलं? तुटक रेघेचं काय आता सरळ झालं? हे फार होतं, आणि पान नसतं तर कधीच कळलं नसतं. गोलातली फुलं दुसऱ्यांदा गोलाशिवाय आली का? जुन्या पानावर दुरुस्ती करू नये. दोन्ही पानं राहू द्यावीत, तारखांसकट.

दुसऱ्या पानावर कधीकधी नवंच कोणीतरी येतं. पहिल्या वेळी जिना होता, खालून आलेला आवाज होता. या वेळी जिन्याच्या तळाशी कोणीतरी पाठ करून उभं आहे, दाराकडे निघालेलं. ते खरंच तिथे होतं की पत्त्यातला भालाईत वहीत उतरला, हे त्या दिवशी ठरवता येत नाही. त्याखाली कोणतीच रेघ मारू नये. शेजारी प्रश्नचिन्ह काढावं आणि ओळ मोकळी सोडावी.